कुत्रा घेऊन समुद्रावर जायचंय? रत्नागिरी जिल्ह्यात कुठे जावं, कधी जावं आणि काय टाळावं

नाताळ, मे महिना किंवा जोडून आलेली सुट्टी असली की मंडणगडपासून राजापूरपर्यंत सगळ्या किनारी गावांत पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसू लागतात. अलीकडे या गाड्यांतून माणसांबरोबर कुत्राही उतरतो. खोली बुक करायला फोन येतो तेव्हा जेवणाच्या आधी विचारलं जातं, ‘आमचा कुत्रा चालेल ना?’ गावातही आता दाराशी बांधलेला, डॉक्टरकडे नेऊन लस दिलेला कुत्रा पुष्कळ घरांत आहे आणि संध्याकाळी त्याला पुळणीवर फिरवून आणणारी पोरंही आहेत.

दुसरीकडे याच पुळणीवर कासवं अंडी घालतात, कोळीण मासे वाळत घालते, देवळात भाविक येतात, मुलं खेळतात. त्यामुळे कुत्रा कुठे न्यावा हे ठरवताना मालकाची सोय पाहायची, तशी किनाऱ्यावर पोट असलेल्या माणसांची आणि तिथल्या जिवांचीही पाहायला हवी. घरी कुत्रा असलेल्यांना, घरगुती निवास चालवणाऱ्यांना आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांनाही उपयोगी पडेल अशी माहिती इथे एकत्र दिली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट

परदेशात काही ठिकाणी कुत्र्यांसाठी वेगळा राखलेला किनारा असतो, तशी पद्धत आपल्याकडे रुळलेली नाही. ‘इथे कुत्रे आणावेत’ असा फलक शोधत बसलं तर तो मिळणार नाही. आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे. किनारा सगळ्यांचा, पण त्याची देखभाल कुठे ग्रामपंचायत करते, कुठे नगरपंचायत, कुठे मेरीटाईम बोर्ड, आणि कासवांच्या घरट्यांकडे वन विभाग बघतो. म्हणून पहिला नियम हा की त्या गावात गेल्यावर ग्रामपंचायतीत किंवा निवासाच्या मालकाला विचारायचं. फलक लावलेला असेल तर तो वाचायचा. ‘आम्ही मागच्या वर्षी आणला होता’ हे काही परवानगीचं कारण होत नाही.

‘ब्लू फ्लॅग’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या योजनेत आपल्या जिल्ह्यातले गुहागर आणि लाडघर हे दोन किनारे घेतले आहेत. या मानांकनाच्या अटींमध्ये कुत्रे आणि इतर पाळीव जनावरांच्या किनाऱ्यावरच्या वावरावर कडक नियंत्रण हवं, अशी एक अट आहे. त्यामुळे या दोन ठिकाणी आखलेल्या स्नानाच्या पट्ट्यात कुत्रा नेऊ नये.

तालुकावार: कुठे काय परिस्थिती

मंडणगड. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव, पण आज ते ओळखलं जातं कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम उभं केलं. नोव्हेंबर ते मे या काळात वेळासच्या पुळणीवर कुत्रा अजिबात नेऊ नये. कासवाची पिल्लं बघायला येणाऱ्यांनी कुत्रा निवासावरच ठेवावा किंवा त्या खेपेला घरी ठेवून यावं.

दापोली. तालुक्यात किनारे भरपूर आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

- केळशी आणि आंजर्ले: पुळण लांब, गर्दी तुलनेने कमी. पण दोन्हीकडे कासवांची घरटी होतात. हंगामात कुत्रा नेऊ नये. केळशीची वाळूची टेकडी हा अभ्यासकांचा विषय आहे, तिच्यावर कुत्रा उकरायला सोडू नये.
- हर्णै: मासळीचा लिलाव आणि वाळवण यांची जागा. इथे कुत्रा नेण्यात काही अर्थ नाही. मासळीच्या वासाने तो ओढणार आणि बंदरावरच्या कुत्र्यांशी भांडण ठरलेलं. समोरचा सुवर्णदुर्ग संरक्षित स्मारक आहे, त्याबद्दल पुढे.
- मुरूड आणि कर्दे: पुळण रुंद, वाळू घट्ट, चालायला उत्तम. निवासांची संख्याही जास्त. सकाळी लवकर पट्टा बांधून फिरवायला या दोन जागा सोयीच्या. दिवस वर आला की पाण्यातल्या खेळांच्या बोटी, घोडे, उंट आणि गर्दी सुरू होते, तेव्हा कुत्र्याला परत न्यावं. मुरूडलाही घरटी सापडतात, म्हणून कोरड्या वाळूत फिरवू नये.
- लाडघर: ब्लू फ्लॅगची गोष्ट वर आलीच आहे. आखलेला पट्टा सोडून बाजूला चालवायचं असेल तर गावात विचारून.
- कोळथरे आणि दाभोळ: घरट्यांच्या जागा. हंगामात टाळावं.

गुहागर. गुहागरची पुळण सरळ रेषेत सुमारे सहा किलोमीटर. गावाजवळच्या भागात सुट्टीला पाय ठेवायला जागा नसते, आणि लांबच्या भागात कासवांची घरटी. अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यात घरट्यांसाठी गुहागरचं नाव वरचं आहे. म्हणजे गर्दीत नेता येत नाही आणि मोकळ्या भागात सोडता येत नाही. हंगामाबाहेर, पट्टा बांधून, ओल्या वाळूवरून एवढंच इथे शक्य आहे. वेळणेश्वर आणि पालशेत हे लहान, वळणदार किनारे. वेळणेश्वरला देऊळ अगदी पुळणीला लागून आहे. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला भाविकांची वर्दळ असते, ते दिवस सोडावेत. हेदवीला बामणघळीकडे कुत्रा नेऊ नये. कातळ निसरडा, घळीत पाणी जोरात घुसतं, आणि कुत्र्यामागे धावणारा माणूसच आधी घसरतो. तवसाळलाही घरटी होतात.

रत्नागिरी. गणपतीपुळ्याला देऊळ समुद्रालाच लागून. गर्दी, घोडे, उंट, प्रसादाच्या पिशव्या, लहान मुलं आणि ओढ असलेलं पाणी असं सगळं एका जागी. इथे कुत्रा न नेलेला बरा. मालगुंडला घरटी असतात. आरे-वारेचं दृश्य वरच्या रस्त्यावरून बघावं. खाली उतार तीव्र आणि पाण्याला ओढ जबर, कुत्राही आत जातो आणि त्याला काढायला माणूसही. भाट्ये ही रत्नागिरीकरांची रोजची फिरायची जागा. पुळण लांब, मागे सुरूबन, सावली मिळते. पट्टा बांधलेल्या कुत्र्यासाठी शहराजवळची ही बरी जागा. फक्त काजळी नदीच्या मुखाकडच्या टोकाला जाऊ नये, तिथे भरती-ओहोटीला प्रवाह जोरात असतो. मांडवीला संध्याकाळी खाऊच्या गाड्या आणि गर्दी असते, तिथे सकाळी जावं. गावखडीचं सुरूबन छान, पण पुळणीवर घरटी असतात, त्यामुळे हंगामात सुरूबनाच्या मागच्या रस्त्यापर्यंतच.

राजापूर. आंबोळगडचा किनारा लहान आणि शांत. वेत्ये आणि माडबन इथे कासवं येतात. या पट्ट्यात वस्ती विरळ, दवाखाना लांब, म्हणून पाणी आणि प्रथमोपचाराचं सामान बरोबर असावं.

बागा, किल्ले, सडे

नगर परिषदेच्या बागांमध्ये लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतात. दारावरचा फलक वाचावा, फलक नसेल तर माळ्याला किंवा पहारेकऱ्याला विचारावं. नाही म्हटलं तर हुज्जत घालू नये.

केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत देखभालीच्या कामाखेरीज कोणतंही जनावर आणायला १९५९ च्या नियमांनुसार मनाई आहे. त्यामुळे सुवर्णदुर्गासारख्या किल्ल्यात कुत्रा नेता येत नाही. वस्तुसंग्रहालयं आणि देवळं यांनाही हाच समज ठेवावा.

कुत्र्याला खरंच मोकळं धावायला जागा हवी असेल तर कोकणात समुद्रापेक्षा सडा बरा वाटतो. पण तिथेही तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, मार्च ते मे कातळ तव्यासारखा तापतो. दोन, फुरसं. आपल्या जिल्ह्यात सड्यावर दगडाखाली हा साप सर्रास असतो आणि कुत्रा नाक घालतो नेमका तिथेच. तीन, संध्याकाळनंतर बिबट्या. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. म्हणून सड्यावरही लांब दोरी बांधूनच आणि दिवस मावळायच्या आत परत. कातळशिल्पांवरून कुत्रा किंवा गाडी नेऊ नये. सडा कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि कडेने काजू-आंब्याची कलमं असतात, हेही विसरू नये.

कासवांचा हंगाम: सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत फूट-दीड फूट खोल खड्डा करून एका वेळी शंभर ते दीडशे अंडी घालते आणि परत जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. म्हणजे मार्चमध्ये घातलेल्या अंड्यांची पिल्लं मे अखेरपर्यंतही निघू शकतात.

माणसाला वाळूत काही दिसत नाही, पण कुत्र्याला वास येतो. एका कुत्र्याला घरटं उकरायला दहा मिनिटं पुरतात. गावचे कासवमित्र पहाटे उठून पुळण पालथी घालतात, मादीच्या पायांच्या खुणांवरून घरटं शोधतात आणि अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरतात. हे सगळं भटके कुत्रे, कोल्हे आणि अंडी चोरणारी माणसं यांच्या आधी पोचण्यासाठी. पाहुण्यांचा कुत्रा रात्री मोकळा सुटला तर कासवमित्र यायच्या आधीच सगळं संपलेलं असतं. मोठं होऊन परत येणारं पिल्लू हजारात एखादंच, असं मानलं जातं. तिथे एका घरट्याचं मोल काय ते वेगळं सांगायला नको.

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची अंडी नष्ट करणं हा गंभीर गुन्हा आहे.

म्हणून हंगामात हे पाळावं:

- सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत कोणत्याही पुळणीवर कुत्रा नाही. मादी येते ती याच वेळेत.
- दिवसा नेला तरी पट्टा सोडायचा नाही.
- चालायचं ते ओल्या वाळूवरून. कोरडी वाळू, वेली आलेला भाग आणि कुंपणाजवळची जागा टाळायची.
- कुत्रा एका जागी हुंगून उकरायला लागला तर लगेच ओढून बाजूला घ्यायचा आणि ती जागा कासवमित्राला किंवा वन विभागाला दाखवायची. आपण उकरून बघायचं नाही.
- वाळूत ट्रॅक्टरच्या टायरसारख्या खुणा दिसल्या तर त्या पुसायच्या नाहीत. ती मादीची वाट असते.

वेळ कशी साधावी: तिथीचा हिशेब

ओल्या वाळूवरून चालायचं तर ओहोटी हवी. मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, पण रेंज नसेल तर जुना हिशेब आहेच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा भरती तेवढ्याच आकड्याच्या आसपास असते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालावं.

यावरून सोपा आडाखा असा की पौर्णिमा किंवा अमावास्येपासून चतुर्थीपर्यंतच्या दिवसांत सकाळी सहा ते नऊ पाणी बाहेर असतं, पुळण रुंद मिळते. सप्तमी ते एकादशी या दिवसांत सकाळी भरती असते, चालायला कोरडी वाळूच उरते. कासवांच्या हंगामात असे दिवस आले तर कुत्र्याला गावातल्या रस्त्याने फिरवून आणावं.

दुपारची वेळ तर सोडूनच द्यावी. हाताचा मागचा भाग वाळूवर सात सेकंद टेकवून बघावा. आपल्याला सोसवला नाही तर कुत्र्याच्या पंज्यालाही सोसणार नाही. फेब्रुवारीनंतर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. चपट्या तोंडाचे पग, बुलडॉग आणि दाट केसांचे हस्की यांना कोकणातला दमट उकाडा लवकर बाधतो. जोरजोरात धाप, लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणं. लगेच सावलीत घ्यावं, पोट, काख आणि पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि डॉक्टर गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत माणसानेही पाण्यात जाऊ नये, मग कुत्र्याचं काय. पावसाळ्यात किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात, ते केसांना चिकटतात आणि चाटले तर पोटात जातात. खोबरेल तेल लावून पुसून काढावेत, रॉकेल लावू नये.

पुळणीवर कुत्र्याला कशापासून जपायचं

- खारं पाणी: तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी पितो, मग उलट्या-जुलाब. प्यायचं पाणी आणि वाटी बरोबर हवी.
- मेलेले मासे: वाळूवर पडलेला फुगणारा केंड मासा विषारी असतो. पाकटाच्या शेपटीचा काटा पंज्यात घुसतो. मेलेल्या जेलीफिशलाही नाक लावू देऊ नये.
- गळ आणि जाळी: तुटलेले गळ, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे. गळ तोंडात अडकला तर ओढू नये, डॉक्टरकडेच न्यावं.
- काचा: पार्टी करून टाकलेल्या बाटल्या.
- आंब्याची कोय: मे महिन्यात हे फार होतं. कोय गिळली की आतड्यात अडकते, मग ऑपरेशनशिवाय इलाज नसतो.
- गोचीड: सुरूबन, गवत आणि गोठ्याच्या आसपास फिरून आल्यावर कान, मान आणि पंज्यांच्या बोटांमध्ये बघावं.
- परत आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ. मीठ अंगावर सुकलं तर खाज सुटते.

रेबीज: इथे चूक चालत नाही

रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. म्हणून कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तो डोस आणि पुढे दरवर्षी लस द्यावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. लसीचं कार्ड मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावं आणि कागदही गाडीत असावा. गावातला कुत्रा शहरातल्या कुत्र्याला चावला काय किंवा उलट झालं काय, कार्ड असेल तर पुढचा निर्णय सोपा होतो.

कुत्रा माणसाला चावला, ओरबाडलं किंवा जखमेवर चाटलं तर:

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवावी.
२. चुना, मिरची, हळद, तेल काही लावू नये.
३. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, त्याबद्दल विचारावं.
४. ठरलेले सगळे डोस पूर्ण करावेत. ‘दोन घेतले, बरं वाटतंय’ म्हणून थांबू नये.
५. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं, पण त्या दहा दिवसांसाठी लस लांबवू नये.

पिल्लू आहे, पाळीव आहे, नुसतं नख लागलंय ही कारणं सांगून घरी बसलेल्या माणसाला नंतर वाचवता येत नाही. लहान मुलं मार खायच्या भीतीने चावलेलं लपवतात, त्यांना आधीच सांगून ठेवावं.

मालकाच्या हलगर्जीपणामुळे जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होण्याची शक्यता असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘माझा कुत्रा कुणाला काही करत नाही’ असं प्रत्येक मालकाला वाटतं. पण समोरून धावत येणारा कुत्रा पाहून घाबरून पडणाऱ्या माणसाला ते कुठे माहीत असतं?

येण्याजाण्याची सोय

रेल्वे: कुत्रा एसी टू टायर, थ्री टायर, स्लीपर किंवा जनरल डब्यात नेता येत नाही. फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे आपल्या नावावर असेल तर त्यात, नाहीतर ब्रेकव्हॅनमधल्या पेटीतून. पार्सल ऑफिसमध्ये आधी बुकिंग करावं लागतं आणि लसीचे कागद लागतात. कोकण रेल्वेच्या लहान स्टेशनांवर गाडी थोडाच वेळ थांबते, म्हणून कुठून चढवायचं ते आधी विचारून घ्यावं.

फेरीबोट: वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ या फेऱ्यांमुळे सागरी मार्गाने फिरणं सोपं झालं आहे. बोटीवर कुत्रा गाडीतच ठेवावा, काच थोडी खाली आणि एक माणूस जवळ. इंजिनाच्या आवाजाने बिथरलेला कुत्रा खाडीत उडी टाकू शकतो.

एसटी: न्यायचं असेल तर आगारात आधी विचारावं, कंडक्टरवर ऐनवेळी ओझं टाकू नये.

खासगी गाडी: घाटात पोट ढवळतं. निघायच्या आधी पोटभर खायला देऊ नये, दर दोन तासांनी थांबावं. उन्हात बंद गाडीत पाच मिनिटंही कुत्रा ठेवू नये. गाडी वाळूत घालू नये.

निवास चालवणाऱ्यांसाठी

कुत्रा घेऊन येणारा पाहुणा जागा मिळाली की शक्यतो तिथेच परत येतो. गणपतीपुळ्याच्या गर्दीत न मावणारा हा पाहुणा आतल्या गावांना मिळू शकतो. पण फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणून मोकळं होण्याआधी एवढं ठरवून घ्यावं:

- कुत्रा किती, कोणत्या जातीचा, लसीचं कार्ड आहे का. कार्डाचा फोटो आधी मागवावा.
- कुत्र्यासाठी एखादीच खोली ठेवावी, शक्यतो जिला पुढे पडवी किंवा बंद अंगण आहे अशी. इतर पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी.
- अंथरूण आणि भांडी पाहुण्याने आपली आणावीत. कुत्रा पलंगावर नको असेल तर तसं आधीच सांगावं.
- खोलीत कुत्र्याला एकटं कोंडून फिरायला जायचं नाही. नुकसान झालं तर भरपाई. हे दोन्ही लिहून द्यावं.
- घरच्या कोंबड्या, वासरू, मांजर आणि स्वतःचा कुत्रा यांची व्यवस्था आधी बघावी. चार कोंबड्या गेल्यावर पाहुण्याशी वाद घालून काही मिळत नाही.
- जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि गावातले नियम खोलीत लावून ठेवावेत. कासवांच्या हंगामात पुळणीचा नियम ठळक लिहावा.

‘कुत्रा चालतो’ एवढंच लिहिण्यापेक्षा ‘एक कुत्रा, लस कार्ड आवश्यक, रात्री पुळणीवर बंदी’ असं लिहिलं तर नको ते पाहुणे आपोआप गळतात.

गावाचं काय काम

पाहुण्यांना नियम सांगताना गावालाही आपल्याकडे बघावं लागेल. किनाऱ्यावर भटक्या कुत्र्यांचे कळप वाढतात ते मासळीची घाण, हॉटेलांचं उरलेलं अन्न आणि पाहुण्यांनी टाकलेली बिस्किटं यावर. तेच कळप रात्री घरटी उकरतात आणि पहाटे शाळेत चालत जाणाऱ्या मुलांच्या मागे लागतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. कुत्र्यांना मारणं किंवा पोत्यात भरून दुसऱ्या गावात सोडणं कायद्यातही बसत नाही आणि उपयोगाचंही नाही. एका गावाची अडचण दुसऱ्या गावात जाते एवढंच.

ग्रामसभेत तीन ठराव घेता येतील: मासळी आणि हॉटेलच्या कचऱ्याची जागा पुळणीपासून लांब, गावातल्या सगळ्या कुत्र्यांना वर्षातून एकदा लस, आणि पुळणीवर कुत्र्यांसाठी वेळ व जागा ठरवणारा फलक. वाळवणाची जागा फलकावर जरूर दाखवावी. कुत्र्याने वाळत घातलेल्या मासळीवर पाय वर केला की त्या बाईचा दिवसाचा पैसा गेला. मालकाने माफी मागून तो भरून निघत नाही.

कुत्र्याची शी मालकाने पिशवीत उचलून न्यावी. वाळू उकरून त्यात पुरणं म्हणजे साफ करणं नव्हे, दुसऱ्या दिवशी तिथेच मुलं किल्ले करतात.

लक्षात ठेवायचे नंबर

- १९६२ : जनावरांसाठी फिरता दवाखाना
- १९२६ : वन विभाग. कासव, घरटं, जखमी वन्यप्राणी
- १०८ : रुग्णवाहिका
- ११२ : पोलीस व तातडीची मदत

निघण्याआधी एकदा तपासा

लसीचं कार्ड, गळ्यात मालकाच्या नंबरचा बिल्ला, घट्ट पट्टा आणि एक जादा दोरी, प्यायचं पाणी, शी उचलायच्या पिशव्या, जुना टॉवेल, जखमेचं औषध. तिथी पाहिली का? कासवांचा हंगाम आहे का? निवासाला कळवलं का? या तिन्हींची उत्तरं हाताशी असतील तर खुशाल निघावं.